मीटलोफवरचा ग्लेझ: गोड पुरे, आंबट वाढवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही ओहायोत राहता. घरात बीफ चालत नाही म्हणून टर्कीच्या खिम्याचा मीटलोफ, म्हणजे पावाच्या आकारात भाजलेला खिमा, करता. मुलांना मात्र मित्राच्या घरी खाल्ला तस्साच हवा असतो. तुम्ही खिमा लोफ पॅनमध्ये, म्हणजे पावाच्या लांबट साच्यात, दाबून भरता, वर कपभर केचप ओतता आणि सव्वा तास ओव्हनमध्ये ठेवता. बाहेर निघतो तेव्हा कडा काळ्या, मध्ये तांबडं पाणी आणि चव 'जाम लावल्यासारखी'. नवरा म्हणतो, केचप सोड, ग्रेव्ही कर. तर ग्लेझ, म्हणजे वर लावायचा चकचकीत थर, कुठला, कधी लावायचा आणि केचपशिवाय काही जमतं का, असे तुमचे तीन प्रश्न.

मी न्यू जर्सीतल्या एका डायनरच्या, म्हणजे साध्या अमेरिकन खानावळीच्या, किचनमध्ये १९ वर्षं काढली. मूळचा साताऱ्याचा, इकडे येईपर्यंत मीटलोफ हा शब्दही कानावर पडला नव्हता. डायनरमध्ये मात्र आठवड्यातून एकदा मीटलोफ, मॅश्ड पोटॅटो आणि फरसबी हे ताट ठरलेलं. त्या एका पदार्थावर मी जितके प्रयोग केले तितके स्वतःच्या आमटीवरही केले नाहीत.

केचपला दोष देऊ नका. चूक भांड्याची आहे, वेळेची आहे आणि थोडी प्रमाणाची. लोफ पॅनच्या उभ्या भिंतींत खिमा भाजला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात आणि चरबीत उकडतो. टर्कीला पाणीही बरंच सुटतं. ते वर चढतं, केचपमध्ये मिसळतं, तेच तुमचं तांबडं पाणी. कडेला उलटा प्रकार. तिथे केचपचा थर पातळ आणि पॅनचा पत्रा तापलेला. ग्लेझमध्ये पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही. पाणी उडून गेलं की साखर उघडी पडते. साधी साखर १६० अंशांच्या आसपास कॅरॅमल व्हायला लागते, आणि तुमचा ओव्हन १७५ ला आहे. सव्वा तासात कडा करपल्या नसत्या तरच नवल.

तेव्हा पॅन सोडा. कडा असलेल्या बेकिंग ट्रेवर फॉइल पसरा आणि त्यावर हातानेच खिम्याचा लांबट गोळा थापा. कोथिंबीर वडीचा उंडा करतो तसा, फक्त जाड: साधारण ९ इंच लांब, ५ इंच रुंद, वरून किंचित गोलसर. यात दोन फायदे. सुटलेलं पाणी खाली वाहून जातं, आणि ग्लेझ वरच्या एका पट्टीऐवजी तिन्ही-चारही बाजूंना लागतो. मुलांना जो भाग आवडतो तो हाच, चिकट आणि खरपूस कड. पॅनमधल्या मीटलोफला ती कड नसतेच.

आता प्रमाण. इथल्या घरोघरच्या पाककृतीत अर्धा कप केचपला पाव कप ब्राऊन शुगर आणि नावाला चमचाभर व्हिनेगर असतं. नेहमीच्या केचपच्या बाटलीवरचं लेबल वाचा: १७ ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात ४ ग्रॅम साखर. म्हणजे केचपचा जवळजवळ चौथा हिस्सा आधीच साखर आहे, त्यावर आपण आणखी साखर ओततो. मग जामाची आठवण होणारच. माझ्या मते ग्लेझला गोड कधीच कमी पडत नाही, कमी पडतं ते आंबट. खिम्यातली चरबी जिभेवर बसते, तिला कापायला आंबटच लागतं. आपण मटणाच्या रश्श्याबरोबर लिंबाची फोड ठेवतो ती काय शोभेला ठेवतो?

माझं प्रमाण २ पौंड, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम खिम्याला असं: केचप अर्धा कप, ब्राऊन शुगर २ मोठे चमचे, ॲपल सायडर व्हिनेगर २ मोठे चमचे, वूस्टरशर सॉस (बाटलीतला आंबट-खारट इंग्लिश सॉस) १ छोटा चमचा, मोहरीची पूड अर्धा छोटा चमचा, ताजी कुटलेली मिरी भरपूर. मीठ घालू नका, केचप आणि वूस्टरशरमध्ये ते आहे. हे सगळं छोट्या पातेल्यात मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं आटवायचं. पाकासारखी तार बघत बसू नका. चमच्याची पाठ ग्लेझमध्ये बुडवून त्यावर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली की गॅस बंद. उकळताना व्हिनेगरचा थोडा तिखटपणा उडून जातो, म्हणून गॅस बंद केल्यावर व्हिनेगरचा आणखी एक छोटा चमचा घालतो. हा शेवटचा चमचा बऱ्याच जणांकडून राहून जातो, आणि माझ्या दृष्टीने सगळी मेख तिथेच आहे.

आटवायचं कारण साधं आहे. बाटलीतलं केचप तसंच लावलं तर त्यातलं पाणी ओव्हनमध्ये उडवावं लागतं, आणि ते उडेपर्यंत मांस कोरडं पडतं. आटवलेला ग्लेझ लावल्या लावल्या धरून बसतो. तो तयार झाला की लगेच दोन वाट्यांत विभागा. एक ब्रश लावण्यासाठी, दुसरी ताटात वाढण्यासाठी. अर्धवट शिजलेल्या मांसावरून फिरलेला ब्रश ज्या वाटीत बुडला ती वाटी टेबलावर येता कामा नये.

वेळेचं गणित असं. ओव्हन ३५० फॅरनहाइटला, म्हणजे १७५ सेल्सिअसच्या आसपास. पहिली ३५-४० मिनिटं मीटलोफ उघडाच राहू द्या, वर काहीही लावू नका. तेवढ्यात वरचा भाग सुकतो. ओल्या पृष्ठभागावर ग्लेझ घसरतो, सुक्यावर चिकटतो. भिंत ओली असताना रंग देत नाहीत, तसंच. मग ट्रेमध्ये साचलेलं पाणी काढून घ्या, बाजूने वर आलेला पांढरा फेस कागदाने टिपा आणि पहिला पातळ हात द्या. १० मिनिटांनी दुसरा. थर्मामीटर मधोमध खुपसून बघा: टर्की किंवा चिकन असेल तर १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस व्हायलाच हवं. बीफ-पोर्क असेल तर १६० पुरे. अंदाजाने काढू नका. खिम्याच्या बाबतीत वरचा रंग फसवा असतो, आणि ग्लेझ लावल्यावर तर तो दिसतच नाही.

शेवटी तिसरा हात देऊन ब्रॉयलरखाली २-३ मिनिटं. ब्रॉयलर म्हणजे ओव्हनमधली वरून येणारी थेट आंच. या वेळात फोन घेऊ नका, दारावरची बेल वाजली तरी जाऊ नका. माझ्या पहिल्याच वर्षी मी १२ मीटलोफना मधाचा ग्लेझ लावून ब्रॉयलरखाली सरकवले आणि भाजीवाल्याचा ट्रक आला म्हणून मागच्या दाराकडे गेलो. परत आलो तर बाराही कोळसा. मधात फ्रुक्टोज जास्त, ते साध्या साखरेच्या खूप आधी, ११० अंशांच्या आसपासच रंग धरतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आमचा मालक काही बोलला नाही. त्याने सुरी घेतली, काळा थर तासला, वर ब्राऊन ग्रेव्ही ओतली आणि फळ्यावर 'आजचा खास: ग्रेव्हीतला मीटलोफ' असं लिहून मोकळा झाला. मध वापरायचाच असेल तर ब्रॉयलर वापरू नका, ओव्हनच्या शेवटच्या ५ मिनिटांतच लावा. मेपल सिरप त्या मानाने सोशिक, कारण त्यात बहुतेक साधीच साखर असते.

केचपच का, असं मुलं विचारतील तर सांगायला गोष्ट चांगली आहे. हा शब्द चीनच्या होक्किअन बोलीतून आला असं मानतात, आणि तिथे त्याचा अर्थ खारवलेल्या माशांचा सॉस. टोमॅटो त्यात फार उशिरा आला. हाइन्झने आपलं केचप १८७६ मध्ये बाजारात आणलं. पुढे १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेतल्या बायकांनी थोड्या मांसात शिळा पाव, ओट्स, क्रॅकर्स घालून सगळ्या घराचं पोट भरलं. ओट्समध्ये वाढवलेल्या त्या खिम्याला गोड, आंबट आणि खारट एकाच बाटलीतून मिळायचं. मीटलोफ तिथे घराघरांत रुजला तो या दिवसांत. आणि केचपमधून निघून गेलेला मासा? तो वूस्टरशरमध्ये शिल्लक आहे. ली आणि पेरिन्स या इंग्लंडमधल्या दोन औषधविक्रेत्यांनी १८३७ मध्ये विकायला काढलेल्या त्या सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात. घरी येणाऱ्या कुणाला माशांची ॲलर्जी असेल तर हे लक्षात ठेवा. त्यात मोलॅसिस, म्हणजे साखर करताना उरणारी काळी काकवी असते आणि आपली चिंचही असते.

म्हणूनच माझ्या घरी मी जो ग्लेझ करतो त्यात चिंच-गूळ आहे. फ्यूजनची हौस म्हणून नव्हे. ब्राऊन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेत परत मिसळलेलं मोलॅसिस, मग सरळ गूळच का नको? अर्धा कप केचपला किसलेला गूळ २ मोठे चमचे, चिंचेचा दाट कोळ १ मोठा चमचा, व्हिनेगर १ मोठा चमचा, बाकी सगळं वरच्यासारखं. चिंचेमुळे रंग गडद होतो, करपल्यासारखा दिसतो, घाबरू नका. एक मात्र ऐका, गोडा मसाला घालू नका. मी घालून बघितलाय. दगडफूल आणि दालचिनी केचपबरोबर भांडतात, आणि मीटलोफला लग्नाच्या पंगतीतल्या आमटीचा वास येतो. धन्याची भरड चिमूटभर चालते, तेवढीच.

तुम्ही टर्कीच वापरता तर केचप पूर्ण सोडून क्रॅनबेरीकडे जा, असं मी आग्रहाने सांगेन. थँक्सगिव्हिंगला टर्कीशेजारी क्रॅनबेरी सॉस असतो तो उगीच नाही. टर्कीचं मांस मुळात सौम्य, त्याला धार लागते आणि क्रॅनबेरी चांगलीच आंबट. आमच्या न्यू जर्सीत पाइन बॅरन्सच्या भागात शरद ऋतूत वाफ्यांत पाणी सोडून क्रॅनबेरी काढतात. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल फळांचं ते दृश्य एकदा मुलांना दाखवा. ग्लेझसाठी अख्ख्या क्रॅनबेरीचा तयार सॉस अर्धा कप, व्हिनेगर १ मोठा चमचा, डिजाँ मस्टर्ड (फ्रेंच पद्धतीची तयार मोहरीची पेस्ट) १ छोटा चमचा, संत्र्याची किसलेली साल. आटवायला ३-४ मिनिटं पुरतात, कारण क्रॅनबेरीत पेक्टिन, म्हणजे जाम घट्ट करणारा फळातला घटक, भरपूर, ती आपोआप दाटते. डब्यातला जेलीसारखा सॉस आणलात तर तो फारच गोड असतो, व्हिनेगर दुप्पट करा. सणाच्या दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये उरलेल्या सॉसला याहून चांगली गती नाही.

टर्कीचा खिमा आणताना नुसत्या छातीचा आणू नका. मांडीचं मांस असलेला, थोडी चरबी असलेला घ्या. कितीही सुंदर ग्लेझ लावला तरी आत भुसा असेल तर काही उपयोग नाही. पावाचा चुरा दुधात भिजवून मळा, कांदा परतून घाला, आणि ग्लेझमधलेच २ चमचे खिम्यातही मिसळा म्हणजे वरची चव आणि आतली चव एकमेकींना ओळखतात. मीठ बरोबर आहे का ते बघायला कच्चा खिमा तोंडात घालायचा नाही; लिंबाएवढा गोळा तव्यावर चपटा करून पूर्ण शिजवा आणि मग चाखा.

बाकी ग्लेझ भराभर सांगतो. बार्बेक्यू सॉसची बाटली सोपी वाटते, पण कॅन्सस सिटी पद्धतीचा सॉस म्हणजे पुन्हा टोमॅटो, मोलॅसिस आणि साखर. त्यात व्हिनेगरचे दोन चमचे घातल्याशिवाय वापरू नका. तिखट हवं असेल तर अडोबो या मेक्सिकन सॉसमधली डब्यातली चिपोटले, म्हणजे धुरावर सुकवलेली मिरची घ्या; अर्धा कप केचपला एक मिरची वाटून पुरते, दोन घातल्या तर मुलं हात लावणार नाहीत. धुराचा वास तिच्यातच असतो. पोर्क असेल तर तयार मस्टर्ड आणि मेपल सिरप निम्मं निम्मं, त्यात थोडं व्हिनेगर, टोमॅटो अजिबात नको. लँबच्या खिम्याला मी केचप लावतच नाही. डाळिंबाचा आटवलेला रस लावतो, तो गोडापेक्षा आंबटच जास्त असतो.

आता नवऱ्याच्या ग्रेव्हीकडे येऊ. तेही चूक नाहीत. अमेरिकेतही ही दोन घराणी आहेत, लाल आणि तपकिरी, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं. माझं म्हणणं इतकंच, की एकाच दिवशी दोन्ही करू नका. ग्लेझ लावलेल्या मीटलोफखालच्या ट्रेमध्ये साखर ठिबकून करपते, आणि त्या रसाची ग्रेव्ही कडू होते. ग्रेव्हीचा बेत असेल त्या दिवशी मीटलोफ शेवटपर्यंत उघडा भाजा आणि ट्रेमध्ये उतरलेला रस गाळून ठेवा. वर तरंगणारी चरबी २ मोठे चमचे घ्या. टर्कीची तेवढी निघत नाही, मग लोणी घालून भर करा. त्यात २ मोठे चमचे मैदा मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता, आपण बेसन भाजतो त्या धीराने. गाळलेला रस आणि स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी) मिळून सव्वा कप होईल असं थोडं थोडं ओता आणि ढवळत राहा. गुठळ्या होतात त्या घाईने. मशरूम घालणार असाल तर २०० ग्रॅम वेगळ्या कढईत पाणी आटून खरपूस होईपर्यंत परतून शेवटी घाला. टर्कीची ग्रेव्ही फिकी दिसते, तिला सोया सॉसचा अर्धा छोटा चमचा रंगही देतो आणि चवही. आणि उतरवताना व्हिनेगरचे किंवा लिंबाचे चार थेंब, इथेही.

शेजारीण कदाचित सांगेल की मशरूम सूपचा डबा फोडून ओत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कॅम्पबेलचं घट्ट टोमॅटो सूप १८९७ मध्ये आलं, मशरूमचं १९३४ मध्ये, लिप्टनच्या कांद्याच्या सूपचं पाकीट १९५२ मध्ये, आणि तेव्हापासून कित्येक अमेरिकन घरांत मीटलोफची चव म्हणजे हीच. तुमच्या मुलांच्या मित्राच्या आईने कांद्याचं पाकीट खिम्यात मिसळलं असण्याची शक्यता बरीच आहे, एकदा विचारून बघा. फक्त या डब्यांत आणि पाकिटांत मीठ खूप. ती वापरलीत तर खिम्यात वेगळं मीठ घालू नका.

युरोपातली एक रीत मला फार आवडते. डेन्मार्कमध्ये मीटलोफवर बेकनच्या पट्ट्या घालून भाजतात, आणि खाली उतरलेल्या रसात साय घालून सॉस करतात, त्यात रेडकरंट या छोट्या लाल फळांच्या आंबटगोड जेलीचा एक चमचा. जर्मनीत आत अख्खी उकडलेली अंडी ठेवतात, आपल्या नर्गिसी कोफ्त्यासारखी, आणि वर ब्राऊन सॉस. दोन्हीकडे नाव एकच: खोटा ससा. डॅनिश पद्धत तुमच्या घरी टर्कीलाही जमेल. सव्वा कप ग्रेव्हीत पाव कप क्रीम आणि १ मोठा चमचा रेडकरंट जेली. जेली मिळाली नाही तर तोच क्रॅनबेरी सॉस. नवऱ्याला ग्रेव्ही आणि मुलांना आंबटगोड, दोघांचंही एका पातेल्यात भागतं.

काढल्यावर लगेच कापू नका. १० ते १५ मिनिटं तसाच राहू द्या, नाहीतर रस पाटावर वाहतो आणि ग्लेझ सुरीबरोबर सोलून निघतो. कापताना करवतीसारख्या दात्यांची, पावाची सुरी घ्या, वरून दाब देऊ नका.

उरलेला २ तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, ३-४ दिवस चांगला राहतो. आणि उरेल एवढा कराच. दुसऱ्या दिवशी बोटभर जाडीचा काप तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी परता, उलटल्यावर वर वाटीतला राखून ठेवलेला ग्लेझ चमचाभर लावा आणि झाकण न ठेवता मिनिटभर थांबा. पांढऱ्या पावाच्या दोन कापांत, आत काकडीचं लोणचं, म्हणजे इथलं व्हिनेगरमधलं. डायनरमध्ये आम्ही स्वयंपाकी लोक मीटलोफच्या दिवशी मीटलोफ खायचोच नाही, दुसऱ्या दिवशीच्या या सँडविचसाठी दोन काप फॉइलमध्ये गुंडाळून मागच्या कप्प्यात लपवून ठेवायचो.